शेजारचा बोका तिसऱ्या दिवशी गेला. मांजराचं दुखणं आधी कळतं का?

प्रश्न असा आला आहे: घरात दोन वर्षांचा एक बोका आणि सहा महिन्यांची एक मांजरी. शेजाऱ्यांचा तीन वर्षांचा धडधाकट बोका सारखा त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत होता. पोट साफ होत नसेल म्हणून दोन दिवस एरंडेल पाजलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. आपल्या मांजराचं दुखणं वेळेत ओळखायचं कसं, टाळता येण्यासारखं काय असतं, आणि पुढच्या महिन्यात ताई बाळंतपणासाठी माहेरी येतेय तर मांजरांचं करायचं काय?

मी बावीस वर्षं ठाण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. सुरुवातीला आठवड्याला एखादं मांजर यायचं, तेही भाजीच्या पिशवीतून. आता रोज कुत्र्यांच्या बरोबरीनं येतात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण त्या बोक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या घरातही एक बोका आहे.

न तपासता निदान करू नये हे खरं, पण ऐकलेल्या वर्णनावरून त्याची लघवी तुंबली असणार. बोक्याच्या मूत्रनळीचं टोक बॉलपेनच्या रिफिलपेक्षा पुष्कळ बारीक असतं. मूत्राशयाला सूज आली की चिकट स्राव आणि खड्यांची कचकच मिळून त्या टोकाशी बूच बसतं. कधी खडाच अडकतो, कधी नुसती नळी आकसते. मग बोका ट्रेमध्ये जातो, बसतो, जोर करतो, एखादा थेंब येतो किंवा तोही नाही. बाहेर येतो, खालची जागा चाटतो, पुन्हा जातो. बघणाऱ्याला वाटतं, शी होत नाहीये. दवाखान्यात पोटाला हात लावला की मूत्राशय मोसंबीसारखं टणक लागतं.

पहिल्या दिवशी बोका ओरडतो, अस्वस्थ असतो. दुसऱ्या दिवशी शांत होतो, एका कोपऱ्यात पडून राहतो. घरचे म्हणतात, ‘आता जरा बरं वाटतंय त्याला.’ खरं तर ती सगळ्यात वाईट वेळ असते. लघवीवाटे जायला हवं ते पोटॅशियम रक्तात साठतं, हृदयाचे ठोके मंदावतात आणि अंग गार पडू लागतं. दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. हीच केस पहिल्या दिवशी आली, तर भूल देऊन नळी घालायची, मूत्राशय धुवायचं, दोन-तीन दिवस सलाईनवर ठेवायचं, आणि बहुतेक बोके घरी जातात. पुन्हा तुंबू शकतं, हे मात्र मी प्रत्येकाला आधीच सांगून ठेवते.

म्हणून तुमच्या बोक्यासाठी एक सवय आजपासून लावून घ्या. ट्रेमधलं लिटर, म्हणजे लघवीनं ज्याचे गोळे होतात ती वाळू, साफ करताना लघवीचे गोळे मोजा. बहुतेक मांजरांचे दिवसाला दोन ते चार होतात, पण महत्त्व या आकड्याला नाही, तुमच्या बोक्याचे रोज किती होतात याला आहे. बोका कुंथतोय आणि ट्रेमध्ये गोळा नाही, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं. ‘सकाळपर्यंत बघू’ हे मांजरांच्या दवाखान्यातलं सगळ्यात महाग वाक्य आहे. आणि एरंडेल, पॅराफिन, इसबगोल यांतलं काहीही तोंडात घालायचं नाही. मांजराला जबरदस्तीनं तेल पाजलं तर ते फुप्फुसात उतरण्याची भीती वेगळीच.

तुंबू नये म्हणून काय करायचं? पाणी. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले. शिकारीच्या अंगातल्या पाण्यावर त्यांचं भागायचं, त्यामुळे तहान लागली तरी हे जनावर पाण्यापाशी जायला आळशी असतं. नुसत्या कोरड्या दाण्यांवर वाढणारा, जाडजूड, दिवसभर सोफ्यावर लोळणारा बोका या दुखण्याचं हक्काचं गिऱ्हाईक. दिवसातलं एक जेवण तरी ओलं द्या, कोरड्या खाण्यात पाणी घातलं तरी चालेल. पाण्याची भांडी घरात तीन-चार ठिकाणी ठेवा, खाण्याच्या भांड्यापासून लांब. पसरट भांडी घ्या, मिशा काठाला घासल्या की पुष्कळ मांजरांना आवडत नाही. दुसरं कारण ताण. घरात रंगकाम, पाहुणे, नवं मांजर, दिवाळीचे फटाके यांच्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे असे बोके हमखास येतात. पुस्तकातला नियम म्हणजे मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त. तुमच्याकडे वन बीएचके असेल तर तीन ट्रे ठेवा म्हणायला मला जीभ उचलत नाही. निदान दोन ठेवा, वेगवेगळ्या खोल्यांत, आणि दिवसातून दोनदा साफ करा.

आता मूळ प्रश्न, ओळखायचं कसं. मांजर शिकारी आहे, पण इतकं लहान की ते दुसऱ्याची शिकारही होऊ शकतं. दुबळेपणा दाखवला की गेलं, म्हणून ते दुखणं लपवतं. कुत्रं लंगडत येऊन पाय दाखवील. मांजर फक्त फ्रिजवर उडी मारायचं थांबवील, आणि तुम्ही म्हणाल, ‘शहाणं झालं हो आता!’ त्यामुळे आजाराची लक्षणं पाठ करत बसण्यापेक्षा आपल्या मांजराच्या सवयी पाठ करा. ते कुठे झोपतं, सकाळी किती वाजता पायात येतं, वाटी चाटूनपुसून टाकतं की थोडं ठेवतं. यातलं काही बदललं आणि दोन दिवसांत पूर्ववत झालं नाही, तर ते लक्षण समजायचं. अंग चाटायचं सोडलं, पाठीवरचे केस चिकटून जटा झाल्या, पलंगाखाली जाऊन पाय पोटाखाली घेऊन डोळे किलकिले करून बसलं, तर बहुतेक दुखतंय. गुरगुरतंय म्हणजे मजेत आहे असंही धरू नका. मरायला टेकलेली मांजरंसुद्धा माझ्या टेबलावर गुरगुरलेली आहेत.

सवय पाठ असूनही फसायला होतं ते हळूहळू होणाऱ्या बदलात. माझी स्वतःची मांजरी चौदा वर्षांची होती, रोज रात्री मांडीवर. भाचा दिवाळीत येऊन गेला तो एकदम मे महिन्यात आला आणि दारातच म्हणाला, ‘मावशी, ही अशी का वाळलीये?’ वजन केलं. ४ किलो २०० ग्रॅमवरून ३ किलो ३००. दिवसभर दुसऱ्यांची मांजरं तोलणारी मी, मला घरातलं दिसलं नव्हतं. पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतंय हे कळत होतं, पण उन्हाळा आहे म्हणून सोडून दिलं होतं. मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली होती. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार फार आढळतो, आणि मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं क्रिएटिनिन रक्तात वाढतं तोवर मूत्रपिंडांचं साधारण पाऊण काम बंद पडलेलं असतं. एसडीएमए नावाची तपासणी त्याच्या थोडं आधी इशारा देते. पथ्याचं खाणं आणि कातडीखाली सलाईन यांवर ती आणखी अडीच वर्षं चांगली जगली, पण ते सहा महिने माझ्या हातून गेलेच.

तेव्हापासून सगळ्यांना सांगते, महिन्यातून एकदा वजन करा. आधी मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. लहान पिल्लाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेल्यात बसवायचं. आकडा कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहायचा. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन उतरणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो उतरणं. भूक चांगली आणि वजन उतरतंय हेही चांगलं नाही. म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड वाढलेला असतो किंवा मधुमेह असतो. मधुमेह जाड, नसबंदी केलेल्या बोक्यांत जास्त.

दुसरं मोजायचं ते श्वास. मांजर गाढ झोपलेलं असताना मोबाईलवर तीस सेकंद लावा, बरगड्या किती वेळा वर येतात ते मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या आत हवेत. वारंवार तीसच्या वर जात असतील तर दाखवा. हृदयाचा आजार मांजरात बाहेरून काही दाखवत नाही, तो पहिल्यांदा इथे सापडतो. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकणारं मांजर मात्र मोजत बसायचं नसतं, उचलायचं आणि निघायचं. तसंच मागचे दोन्ही पाय अचानक लुळे पडले, पंजे गार लागतायत आणि मांजर किंचाळतंय, तर ते बहुधा पडून मार लागल्याचं नसतं. हृदयातून सुटलेली गुठळी पायांच्या धमनीत अडकलेली असते.

खोकला ओळखायला लोक नेहमी चुकतात. मांजर जमिनीला चिकटून बसतं, मान लांब करतं, खर्र खर्र आवाज काढतं, शेवटी काहीतरी गिळतं आणि चालायला लागतं. घरचे म्हणतात केसांचा गोळा अडकलाय. गोळा असता तर तो कधीतरी बाहेर पडला असता. महिन्या-दोन महिन्यांत एखादा गोळा ओकणं ठीक आहे. पण नुसतीच मान लांब करून दर आठवड्याला हा प्रकार होत असेल तर तो दमा असू शकतो. व्हिडिओ काढून आणा, दवाखान्यात ते मांजर खोकून दाखवणार नाही. घरात उदबत्ती, धूप, डासांची कॉइल असेल तर ती आधी बंद करा.

आणि न खाणं. मोठ्या मांजरानं चोवीस तास काही खाल्लं नाही तर फोन करा, पिल्लानं अर्धा दिवस खाल्लं नाही तरी पुरे. ‘उपास घडला तर पोट हलकं होईल’ हा हिशोब मांजराला लागू नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि कावीळ होते. मूळ दुखणं राहतं बाजूला आणि नळीनं भरवायची वेळ येते.

संसर्गाच्या आजारांवर फार लिहीत नाही, कारण त्यातल्या दोन-तीन मोठ्या आजारांवर लस आहे आणि ती टोचून घेतली की प्रश्न बराचसा सुटतो. पण पॅनल्युकोपेनिया या आजाराबद्दल सांगायलाच हवं. कुत्र्यांच्या पिल्लांना होतो त्या पार्व्होवरून लोक त्याला मांजरांचा पार्व्हो म्हणतात, आणि ते बरोबरच आहे, विषाणू त्याच घराण्यातला आहे. पिल्लू सकाळी खेळत होतं, संध्याकाळी पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलंय, पीत मात्र नाही. नंतर उलट्या, मग जुलाब, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला. लस न घेतलेली पिल्लं यात पटापट जातात. हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो आणि चपलेला चिकटूनही येतो, म्हणून ‘आमचं मांजर घराबाहेर जातच नाही’ हे लस न देण्याचं कारण होऊ शकत नाही. फिनाईलनं तो मरत नाही. लिटरभर पाण्यात साधारण ३० मिलि घरगुती ब्लीच घालून फरशी, ट्रे, भांडी ओली ठेवायची, दहा मिनिटांनी धुवायची, वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवायचं. शेजारचा बोका लघवी तुंबून गेला असेल तर त्याचा संसर्ग नाही, पण तुमच्या मांजरीच्या लशी झाल्या नसतील तर या आठवड्यात सुरू करा. पिल्लांना सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांची होईपर्यंत तिहेरी लस देतात. सहा महिन्यांच्या मांजरीला बहुतेक वेळा तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस पुरतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, आणि ती आपल्याकडे दरवर्षी द्यायची. मांजरानं चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचं. हळद नंतरही लावायची नाही.

त्याच तिहेरी लशीत सर्दीचे दोन विषाणू येतात, हर्पीस आणि कॅलिसी. लस सर्दी शंभर टक्के थांबवत नाही, पण जोर मोडते. शिंका, चिकटलेले डोळे, जिभेवर फोड. नाक बंद म्हणजे वास नाही, आणि वास नाही तर मांजर खात नाही. अशा वेळी खाणं कोमट करून द्या. सुरमईचा किंवा बांगड्याचा एखादा तुकडा औषधाचं काम करतो. अंघोळीनंतर बाथरूममध्ये वाफ असते, तिथे दहा मिनिटं घेऊन बसा. डोळा मिटलेला असेल तर मात्र घरचं काही करू नका, आणि माणसांचे स्टिरॉइडचे थेंब तर मुळीच नकोत. बुब्बुळावर व्रण असेल तर त्या थेंबांनी डोळा जातो.

एफआयपी, म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा एक आजार, त्याबद्दल एक चांगली बातमी आहे म्हणून लिहिते. पोट पाण्यानं फुगलेलं, उतरत नाही असा ताप, वाळलेली पाठ, असं तरुण मांजर आलं की पूर्वी आम्ही हात टेकायचो. २०१९ मध्ये जीएस-४४१५२४ या औषधानं बरी झालेली मांजरं प्रसिद्ध झाली आणि चित्र पालटलं. बारा आठवड्यांचा कोर्स असतो, खर्च होतो, पण बरीचशी जगतात. कुणी अजून ‘याला इलाज नाही’ म्हणालं तर दुसरं मत घ्या.

आता घरच्या औषधाच्या डब्याबद्दल, कारण टाळता येण्यासारखे मृत्यू इथेच सगळ्यात जास्त होतात. तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. आपलं यकृत ती ज्या रस्त्यानं बाहेर काढतं तो रस्ता मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. अर्धी गोळी पुरते. काही तासांत हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. लवकर आलं तर उतारा आहे, पण आणणारे लाजून सांगत नाहीत. मी दर वेळी दोनदा विचारते, दुसऱ्यांदा घरातल्या आजींकडे बघून. बहुतेक वेळा उत्तर तिथून येतं, आणि त्या बिचाऱ्यांनी मायेनंच दिलेली असते.

दुसरं, कुत्र्याचं पिसवांचं औषध. मानेवर टाकायच्या थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला थरथर सुटते, झटके येतात. कुत्र्याला लावलं असेल तरी दोघांना काही दिवस लांब झोपवा. पाण्यात घातलं की पांढरं होणारं जंतुनाशक आणि फिनाईल, दोन्ही मांजराच्या घरात नकोत. फरशीवरून चालून ते पंजे चाटतं. कापूर, कडुनिंबाचं तेल, टी ट्री ऑइल अंगाला चोळू नका, ‘नैसर्गिक’ असलं म्हणून मांजराच्या यकृताला फरक पडत नाही. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको. बारशाला, वाढदिवसाला येणाऱ्या पुष्पगुच्छात लिलीची फुलं असतील तर ती दाराबाहेरच काढून टाका. त्यांचे पराग अंगावर पडून चाटले गेले तरी मूत्रपिंडं बंद पडतात.

आणि दोरा. देवाच्या फोटोवरून उतरलेला हार केराच्या डब्यात जातो, मांजर तो ओढून काढतं. फुलांच्या वासानं किंवा ओलेपणानं दोरा चघळतं आणि गिळतं. जिभेवरचे काटे मागे वळलेले असल्यामुळे एकदा आत जायला लागलेला दोरा त्याला बाहेर ढकलता येत नाही. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं आणि आतडं नाडीच्या कापडासारखं गोळा होत जातं. सारख्या उलट्या करणाऱ्या तरुण मांजराची जीभ मी आधी वर उचलून बघते. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतलं आतडं करवतीसारखं कापलं जातं. तसंच घेऊन या. संक्रांतीचा मांजा, शिवणाची सुई-दोरा, केसांचे रबर यांची कथा हीच.

खाण्याबद्दल सगळ्यात जुनी गैरसमजूत म्हणजे दूध-पोळी. मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे जुलाब होतात. ते सोसवलं तरी पोळीत आणि दुधात त्याला हवं ते टॉरिन, म्हणजे मांसातून मिळणारं एक पोषकद्रव्य, पुरेसं नसतं. टॉरिन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदय फुगतं. १९८७ मध्ये अमेरिकेत हे हृदयाचं कोडं सुटलं आणि कंपन्यांनी मांजराच्या खाण्यात टॉरिन वाढवलं. कुत्र्याच्या खाण्यात ते मांजराला पुरेल इतकं असेलच असं नाही, तेव्हा दोघांना एकच पिशवी नको. हल्ली उलटी चूक जास्त दिसते: पिल्लाला फक्त उकडलेलं बिनहाडांचं चिकन. मांस आहे ना, मग उत्तमच, असं वाटतं. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, मग शरीर ते हाडांतून काढून घेतं. चार महिन्यांचं असं एक पिल्लू पलंगावरून उडी मारून दोन पाय मोडून आलं होतं. एक्स-रेमध्ये हाडं मांसाइतकीच फिकट, कुठे हाड संपतं ते बोटानं दाखवता येईना. पिल्लांसाठीचं तयार खाणं मुख्य ठेवा, घरचं चिकन-मासे हौस म्हणून. पूर्ण घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्याकडून प्रमाण लिहून घ्या, अंदाजानं नको.

पिसवा, कानातले किडे, जंत यांचं थोडक्यात. कानात चहाच्या चोथ्यासारखी काळी घाण आणि सारखं कान खाजवणं म्हणजे माइट. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तिळासारखे वाळलेले दाणे दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे, आणि ते पिसवांतून येतात. नुसती जंताची गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर महिनाभरात तीळ परत. पिल्लांना पहिले काही महिने जंताचं औषध वरचेवर लागतं, मोठ्यांना तीन महिन्यांनी. पावसाळ्यात गोल चट्टे, केस गळलेले, आणि घरातल्या कुणाच्या हातावर गजकर्ण, अशी जोडी आली तर दोघांचे उपचार एकदमच करायचे.

तुमची मांजरी सहा महिन्यांची आहे म्हणून हे महत्त्वाचं: ती माजावर यायची वेळ झालीय, कदाचित येऊनही गेली असेल. रात्री अकराला फोन येतात, ‘डॉक्टर, पोटात भयंकर दुखतंय, लोळतेय, ओरडतेय, मागचं वर करतेय.’ मी विचारते, खाते का? ‘खाते की!’ मग मी झोपते. नसबंदी करून टाका. पहिल्या माजाआधी केली तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९० टक्के कमी होतो, आणि मांजरीच्या स्तनातल्या गाठी बहुतेक घातकच असतात. गर्भाशयात पू होण्याचा धोका तर संपतोच. ‘एकदा तरी व्यायला हवं’ याला वैद्यकीय आधार काही नाही. माज थांबवायचं इंजेक्शन स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. त्यातल्या हार्मोननं स्तन सुजलेल्या मांजरी मी पुष्कळ बघितल्या आहेत. बोक्याची नसबंदी केल्यानं नळी अरुंद होते आणि लघवी तुंबते, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. नळीला काही होत नाही, वजन वाढतं. खाणं कमी करायचं.

आता ताई. मांजरं कुठेही सोडून येऊ नका. भीती असते पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्माची, आणि तो जंतू मांजराच्या विष्ठेत येतो हे खरं आहे. पण मांजराला हा संसर्ग नव्यानं झाला तरच तो विष्ठेतून पडतो, तेही साधारण आठवडा-दोन आठवडे. पडल्यावरही त्याला लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज ट्रे साफ झाला तर त्याला तेवढी सवड मिळत नाही. ताईनं ट्रेला हात लावायचा नाही, ते काम तुमचं किंवा मेव्हण्यांचं. कच्चं मांस मांजरांना द्यायचं नाही, उंदीर-पाखरं धरायला बाहेर सोडायचं नाही. माणसाला ही लागण जास्त करून कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतून होते, म्हणजे मांजर सोडून आलात आणि कोथिंबीर तशीच खाल्लीत तर काय उपयोग? बागेतल्या मातीत काम करताना हातमोजे घालायचे. ताईच्या डॉक्टरांना घरात मांजरं आहेत एवढं सांगून ठेवा. बाळ आल्यावर पाळण्यात मांजर झोपू नये म्हणून पाळणा आत्ताच आणून त्याला जाळी लावा, म्हणजे बाळ यायच्या आधीच त्यांची त्यातली उत्सुकता संपेल. माणसं, वास, रडणं, सगळं नवं असणार, तेव्हा बोक्याचे गोळे त्या महिन्यात जास्त नेमानं मोजा.

पहिली भेट आजारपणाच्या आधी व्हावी. कॅरिअर आजच माळ्यावरून काढून कोपऱ्यात उघडं ठेवा, आत जुना टॉवेल आणि एखादा खाऊ. आठवड्याभरात ती त्यात झोपायला लागतील. दवाखान्याला निघताना वर आणखी एक टॉवेल टाका, वेटिंगमध्ये कुत्र्याकडे तोंड करून ठेवू नका. सोबत वजनाचे आकडे, लशींची पुस्तिका, खोकल्याचा किंवा चालण्याचा व्हिडिओ, शक्य तर ताज्या शीचा नमुना स्वच्छ डबीत. आणि घरून निघण्यापूर्वी आजींना विचारा, काही पाजलंय का.